पुडी सोडण्याआधी: झाडपाल्याची औषधं आणि सप्लिमेंट कोणत्या क्रमाने घ्यायची, कशी थांबवायची

खानदेशात एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर रोज कोणीतरी म्हणतं, "झाडपालानी दवाई शे, काई व्हत नई." म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच काही झालेलं नसतं, नाहीतर जे झालं ते कशाने झालं हे उमगलेलं नसतं. मला दुसरा प्रकार जास्त दिसतो. आठवडी बाजारातून चूर्ण आणलं, दोन दिवसांनी मोबाइलवर आलेला काढा सुरू केला, मग पुण्याच्या मुलाने ऑनलाइन कॅप्सूल पाठवल्या, आणि मधल्या मध्ये बीपीची गोळी परस्पर बंद केली. दहाव्या दिवशी चक्कर येते. आता चार जणांतला चोर कोणता, हे डॉक्टरांनी कसं ओळखावं?

वनौषधी घ्यावी की नाही, हा वाद इथे नको. ती घेतली जातेच. चुकतो तो क्रम. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. तिसऱ्यावरून सहाव्यावर उडी मारली की सगळं मुसळ केरात.

## टप्पा १ : आधी यादी

घरातल्या खाटेवर सगळं मांडा. डॉक्टरांच्या गोळ्या, चूर्णाच्या पुड्या, काढ्याच्या बाटल्या, जिमच्या पावडरीचा डबा, मालिशचं तेल, कधीमधी घेतली जाणारी अंगदुखीची गोळी. यादी करताना लोक जे सोडतात तेच नेमकं नडतं: सकाळचं मेथीदाण्याचं पाणी, कारल्याचा रस, जेवणानंतर चघळायची ज्येष्ठमधाची काडी, झोपताना घ्यायची सोनामुखी. "ते काय औषध आहे का!" म्हणून ते कागदावर येतच नाही. दारू आणि तंबाखूही लिहा. घरच्यांसमोर नको वाटत असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, पण डॉक्टरांच्या हाती ती गेली पाहिजे.

प्रत्येक नावापुढे चार गोष्टी हव्यात: कधीपासून, किती, दिवसातून किती वेळा, आणि कोणी सांगितलं. हा चौथा रकाना लोकांना फालतू वाटतो. पण त्यात तीन ठिकाणी "शेजारी" आणि दोन ठिकाणी "मोबाइल" आलं की माणूस आपणच थोडा गप्प होतो.

नवी पुडी यादीत सगळ्यात शेवटी लिहा. ती आज उघडायची नाही.

तपासून पाहा: एकच वस्तू दोन-तीन रूपांत आली आहे का? अश्वगंधा कॅप्सूलमध्ये असते, अवलेहात असते आणि "ताकदीच्या" पावडरीतही असते. गुळवेल काढ्यात आणि गोळीतही असते. बाटल्या तीन, औषध एकच, मात्रा तिप्पट.

## टप्पा २ : आपण कोणत्या रांगेत उभे आहोत

काही लोकांनी इथेच थांबायचं आणि डॉक्टरांना किंवा शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, लहान मुलं, लिव्हरचा किंवा किडनीचा आजार असलेले, फिट येणारे, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे, आणि ज्यांचं ऑपरेशन ठरलंय ते. ऑपरेशनचं लोक हमखास विसरतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना यादी दाखवा. वनौषधी साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. लसूण, आलं, हळद यांच्या कॅप्सूलमुळे रक्तस्राव वाढू शकतो, आणि झोप आणणाऱ्या वनस्पतींनी भूल जास्त चढू शकते.

आपल्याकडचा एक मुद्दा इतर लेखांत सापडत नाही म्हणून जरा विस्ताराने सांगतो. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात अंगातलं पाणी कमी झालं की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखणं सुरू होतं. आता अशा मुलाला "पोट साफ करायला" एरंडेल किंवा सोनामुखी दिली, चार जुलाब झाले, तर दुखण्याला आमंत्रणच दिलं. त्यात मुळापासून बरं करतो म्हणणारा भेटतो आणि सिकलसेलसाठी चालू असलेली हायड्रॉक्सियुरियाची गोळी बंद करायला लावतो. ती गोळी बंद करायचा अधिकार फक्त ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा.

तान्ह्या बाळांबद्दल. घुटी उगाळताना वेखंड आणि जायफळाचे वेढे मोजले जातात, पण सहाण खरखरीत की गुळगुळीत यावर एका वेढ्यात किती उतरतं हे बदलतं. जायफळ जास्त झालं की बाळ सुस्तावतं, आणि आई म्हणते, "आज कसं शांत झोपलंय." एक वर्षाच्या आत मध चाटवू नका, त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बाळाला लकव्यासारखा आजार होऊ शकतो. कडुनिंबाचं तेल पाजून मेंदूला सूज आल्याची, फिट आल्याची लहान मुलांची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. ते तेल बाळाच्या पोटात एक थेंबही नको.

थांबा: कावीळ आणि साप, या दोन ठिकाणी हा लेखही वाचत बसू नका. साप चावला की १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. पाला वाटण्यात गेलेला अर्धा तास परत येत नाही. काविळीत नाकात देवडांगरीचे थेंब टाकून पिवळं पाणी गळू लागलं की "कावीळ उतरली" म्हणतात. ते पाणी भाजलेल्या नाकाचं असतं. लिव्हर जिथल्या तिथे आजारीच राहतं.

## टप्पा ३ : पुडीची ओळख पटवा

पॅकबंद माल असेल तर लेबल उजेडात धरा. आयुर्वेदिक औषधावर "आयुर्वेदिक औषध" हे शब्द, उत्पादन परवान्याचा नंबर, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, घटकांची यादी आणि एक्सपायरी असलीच पाहिजे. त्याऐवजी नुसता १४ आकडी एफएसएसएआय नंबर दिसला तर ती वस्तू कायद्याने खाद्यपदार्थ आहे, औषध नव्हे. तिने शुगर "मुळापासून" घालवण्याचा दावा केला तर तो दावाच बेकायदा. मधुमेह, कॅन्सर अशा आजारांवर हमखास इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे डब्यावरचा दावा जितका मोठा, तितकी शंका मोठी.

लेबलवर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" अशा अर्थाचा इशारा इंग्रजी-हिंदीत असेल तर तो शोभेचा नाही. औषध नियमांत विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे: बचनाग, कुचला, धोत्रा, बिब्बा, गुंज, जमालगोटा, कण्हेर, पारा, हिंगूळ, हरताळ. यांपैकी काही आत असेल तर तो इशारा छापावा लागतो. ही द्रव्यं शास्त्रात शुद्ध करून वापरतात, पण शुद्धी नीट झाली की नाही हे तुम्हा-आम्हाला डोळ्यांनी दिसत नाही. भस्म आणि रसौषधी (पारा-धातूंपासून बनवलेली औषधं) मनाने घ्यायच्याच नाहीत. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये छापून आली होती. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. तीही दुकानातली पॅकबंद उत्पादनंच होती.

वैद्य स्वतःच्या रुग्णासाठी औषध बनवून साध्या पुडीत देऊ शकतात. कायदा तशी मुभा देतो. अशा वेळी भिडेखातर गप्प बसू नका. "वैद्यबुवा, यात काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहून द्या," एवढंच म्हणा. चांगला वैद्य लिहून देतो. "गुप्त नुस्खा" म्हणणाऱ्याची पुडी तिथेच ठेवून या.

सुटा माल सगळ्यात अवघड. वाळवून कुटल्यावर सगळा पाला एकसारखाच दिसतो, आणि नावंही घोटाळ्याची. शंखपुष्पी म्हणून निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. सापसंद किंवा ईश्वरी म्हणतात त्या वेलीत किडनी कायमची निकामी करणारं ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. याच द्रव्यामुळे बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करायच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांच्या किडन्या गेल्या. तिथेही एका वनस्पतीच्या जागी दुसरी आली होती.

स्वतः तोडून आणणार असाल तर कपाशीच्या बांधावरून आणू नका. कपाशीवर किती फवारण्या होतात हे आपल्याला कोणी सांगायला नको, आणि बांधावरच्या गुळवेलीला फवाऱ्यापासून कोणी वाचवत नाही. केळीच्या बागेच्या कडेचंही तेच.

तपासून पाहा: पुडी फार लवकर गुण देते आहे का? वर्षानुवर्षं धरलेले गुडघे तिसऱ्या दिवशी मोकळे, दमा दोन डोसात गायब, असं झालं तर आनंदाआधी संशय घ्या. अशा पुड्यांत स्टिरॉइड किंवा अंगदुखीची ॲलोपॅथी गोळी कुटून घातलेली सापडते. शुगरच्या चूर्णात शुगरचीच गोळी असते, आणि "जोश" वाढवणाऱ्या कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध. छातीत दुखल्यावर जिभेखाली गोळी ठेवणाऱ्या माणसाने ती कॅप्सूल घेतली तर बीपी इतकं कोसळू शकतं की जीव जातो.

## टप्पा ४ : जोडी जुळते का

इथे वेळ घालवा. बहुतेक त्रास एकट्या वनस्पतीचा नसतो, तो जोडीचा असतो.

शुगर. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कारलं, जांभूळ-बी, मेथी, गुडमार यांचं चूर्ण मूठमूठ घेतलं की शुगर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. माझ्याकडचे एक आबा असेच. गोळी चालू, वर कारलं-जांभळाचं चूर्ण दोन वेळा, आणि त्यात श्रावणी सोमवारचा उपास. दुपारी घामाने भिजले, काहीबाही बोलू लागले. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. दवाखान्यात शुगर ४२ निघाली. ७० च्या खाली गेली की माणूस गिळू शकत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. आणि जास्त घसरते म्हणून आपणच गोळी कमी करायची नाही. चूर्ण बंद करायचं आणि डॉक्टरांना सांगायचं.

बीपी. ज्येष्ठमध रोज, आठवड्यांमागून आठवडे चघळलं तर बीपी चढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. बीपीची गोळी "लागू पडत नाही" म्हणून डॉक्टर दुसरी वाढवतात, आणि काडी खिशातच असते. सोनामुखीनेही रोज जुलाब होऊन पोटॅशियम जातं. त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी आणि मे महिन्यातलं भुसावळचं ४५ अंशांचं ऊन, म्हणजे पाय लटपटणं, पेटके, हृदयाचे ठोके चुकणं. उन्हाळ्यात जुलाबाच्या आणि लघवी वाढवायच्या वनस्पती या गोळीसोबत नकोच.

रक्त पातळ करायच्या गोळ्या. वॉरफरिन, एसिनोकुमरॉल, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन. भाजीतली हळद-लसूण चालते. शेवभाजी सोडायला मी सांगत नाही. पण हळदीचा अर्क, लसणाची कॅप्सूल, आल्याची गोळी म्हणजे भाजीतल्या चिमटीच्या कितीतरी पट. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

थायरॉइड. गोळी रिकाम्या पोटी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर निदान चार तासांनी. अश्वगंधेने थायरॉइडचं प्रमाण वाढू शकतं, तेव्हा ती विचारूनच. केसांसाठी घेतात त्या बायोटिनने तर थायरॉइडची रक्ततपासणीच चुकीची येऊ शकते. रक्त द्यायच्या आधी लॅबवाल्याला आणि डॉक्टरांना सांगा.

लिव्हर. अश्वगंधा, गुळवेल, मिरीचा अर्क मिसळलेली हळद, ग्रीन टीच्या कॅप्सूल: या सगळ्यांमुळे लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीबद्दल अशा केसेस छापल्या, तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पती ओळखण्यात घोळ झाल्याचं म्हणत आक्षेप घेतला. तो वाद कोणी जिंको, आपल्यासाठी निष्कर्ष तोच: पुडीत नेमकं काय आहे हे माहीत नसेल तर लिव्हर पणाला लावू नका. टीबीची औषधं चालू असलेल्यांनी तर यातलं काहीच मनाने घेऊ नये. त्या गोळ्यांचा भार लिव्हरवर आधीच असतो.

झोपेच्या, फिटच्या, डिप्रेशनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी यादी घेऊन सरळ डॉक्टरांकडे जावं. ते गणित काउंटरवर उभ्या-उभ्या सुटत नाही, मलाही नाही.

## टप्पा ५ : सुरू करण्याआधी मोजून ठेवा

दोन-चार दिवसांपेक्षा जास्त चालणार असेल तर आजचं बीपी, शुगर, वजन लिहून ठेवा. महिनाभर चालणार असेल आणि वय पन्नाशीपुढे असेल तर लिव्हरची एसजीपीटी आणि किडनीची क्रिएटिनिन ही तपासणी आधी करून घ्या. पुढे आकडा बिघडला तर तो औषधाने बिघडला की आधीपासूनच तसा होता, हे या कागदाशिवाय कोणालाच कळत नाही.

## टप्पा ६ : एक वस्तू, एक मात्रा, चौदा दिवस

आता पुडी उघडा. एका वेळी एकच नवी वस्तू, लेबलवरच्या किंवा वैद्यांनी सांगितलेल्या कमीत कमी मात्रेने. दुसरी नवी वस्तू चौदा दिवसांनी. लोकांना हाच नियम सगळ्यात जाचक वाटतो, आणि हाच पाळला तर पुढचे सगळे प्रश्न निम्मे होतात.

मोजताना घरातला चमचा वापरू नका. प्रत्येकाचा चमचा वेगळा, आणि शीग लावून भरला तर दुप्पट. सिरपसोबत येणारं टोपण किंवा ५ मिलीचं माप वापरा. काढ्याबद्दल एक चूक नेहमीची: "अर्धा आटवा" लिहिलेलं असताना पाव उरेपर्यंत आटवतात, कारण घट्ट म्हणजे गुणकारी. आंबट काढा किंवा ताकातून घ्यायचं औषध तांब्या-पितळेच्या भांड्यात रात्रभर ठेवू नका. आंबटाने धातू सुटतो, आणि सकाळची मळमळ काढ्याच्या नावावर खपते.

इसबगोल कोरडा तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकतो. भरलेल्या ग्लासभर पाण्यातून लगेच प्या, वर आणखी पाणी. इतर गोळ्या त्याच्या दोन तास आधी किंवा नंतर, नाहीतर त्या इसबगोलात गुंडाळून तशाच बाहेर जातात.

दुधी भोपळ्याचा रस काढताना आधी एक फोड जिभेला लावा. कडू लागली तर रस नाही, भाजीही नाही. कडू दुधीने रक्ताच्या उलट्या-जुलाब होऊन माणसं दगावली आहेत. रसात आवळा-आलं घालून कडूपणा लपवायची सवय म्हणूनच वाईट.

सप्लिमेंटमधली मोठी चूक व्हिटॅमिन डीची. ६०,००० युनिटचं पाकीट बहुधा आठवड्याला एक असतं. एका काकूंनी ते रोज दुधातून घेतलं, दीड महिना. "हाडं भरून येऊ दे लवकर." भूक गेली, उलट्या, सारखी तहान, बद्धकोष्ठ. रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीवर आलं होतं. पाकिटावर पेनाने वार लिहून ठेवा, "रविवार" एवढंच.

अंगाला लावायचं असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत लावून एक दिवस थांबा. बिब्बा मात्र चाचणीलाही नको. तो उतला की ज्या बोटाने लावला ते बोट, नंतर तोंडावरून फिरलेला हात, सगळीकडे फोड उठतात.

तपासून पाहा: नवी वस्तू सुरू करताना जुनी गोळी कोणी बंद करायला सांगितली का? बीपी, शुगर, थायरॉइड, फिट, सिकलसेल, टीबी, यांतली एकही गोळी चूर्णवाल्याच्या शब्दावर बंद करायची नाही.

## टप्पा ७ : लक्ष कशावर ठेवायचं

कॅलेंडरवर सुरुवातीच्या तारखेला गोल करा. पहिल्या तासाभरात दिसतात ती ॲलर्जीची लक्षणं: अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, घसा आवळणं. गांधी एकट्या असतील तर औषध थांबवून डॉक्टर. श्वास अडकत असेल तर वाट न पाहता १०८. तोंड कोरडं ठाक, बाहुल्या मोठ्या आणि असंबद्ध बोलणं हे धोत्र्याचं चित्र आहे. ठोके मंद पडून उलट्या होत असतील तर कण्हेर आठवा. दोन्हीकडे घरगुती उलटी करवायची नाही, मीठपाणी पाजायचं नाही, आणि पुडी सोबत न्यायची.

लिव्हरचा त्रास मात्र चोरपावलांनी येतो. काही आठवडे, कधी दोन-तीन महिने सगळं ठीक चालतं, म्हणून लोकांचा त्या औषधावर विश्वास बसलेला असतो. मग भूक मंदावते, अंगाला खाज सुटते, लघवी चहासारखी होते आणि शेवटी डोळे पिवळे. डोळे पिवळे व्हायची वाट पाहू नका. लघवी गडद आणि भूक नाही, एवढं पुरे आहे: औषध थांबवा, रक्त तपासा. इथे सगळ्यात घातक गोष्ट अशी घडते की पिवळे डोळे पाहून माणूस काविळीचं गावठी औषध सुरू करतो. म्हणजे आग लागलेल्या घरात रॉकेल.

चेहरा गोल होणं, भूक अचानक वाढणं, वजन चढणं, पायांवर सूज ही स्टिरॉइडची खूण. घरात कौतुक होतं, "तब्येत सुधारली." अशी पुडी ओळखली तरी पुढचा टप्पा वाचल्याशिवाय तिला हात लावू नका.

## टप्पा ८ : थांबवायचं कसं, सांगायचं कोणाला

बहुतेक वनौषधी त्रास दिसताच लगेच थांबवता येतात. स्टिरॉइड मिसळल्याचा संशय असलेली पुडी हा अपवाद, आणि तो मी स्वतः चुकलो म्हणून सांगतो. माझ्या काकांना, आम्ही त्यांना नाना म्हणतो, एका फिरत्या विक्रेत्याच्या पुड्यांनी गुडघ्याला फार आराम होता. चार महिने चालू होत्या. मी त्यांचा गोल चेहरा पाहिला आणि पुड्या उचलून उकिरड्यावर टाकल्या. तिसऱ्या दिवशी नाना उठेनात, उलट्या, बीपी खाली. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं. एकदम तोडलं तर दोन्हीकडून रिकामं. डॉक्टरांनी स्टिरॉइडच दिलं आणि पुढे काही आठवड्यांत पायरी-पायरीने उतरवलं. त्यांनी मला एकच विचारलं, "पुडी कुठे आहे?" मी ती टाकून बसलो होतो.

म्हणून पुडी, डबा, बिल, चिठ्ठी काही टाकायचं नाही. उरलेलं चूर्ण प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, वर सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख लिहून मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. डॉक्टरांकडे जाताना टप्पा एकची यादी, टप्पा पाचचे आकडे आणि ही पिशवी सोबत न्या. रागावतील म्हणून लपवू नका. ते रागावतातही, पण काविळीचं कारण शोधायला केलेल्या महागड्या तपासण्यांपेक्षा ते स्वस्त पडतं.

त्रास कळवता येतो, आणि रुग्णाला स्वतःला कळवता येतो. औषधांच्या दुष्परिणामांसाठी देशभराचा टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे. कामाच्या दिवशी दिवसा फोन करा. भेसळीची, विनापरवाना मालाची किंवा हमखास इलाजाच्या जाहिरातीची तक्रार महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करायची, १८००-२२२-३६५ वर. फोन करताना चार गोष्टी हाताशी असू द्या: वस्तूचं नाव, बॅच नंबर असल्यास तो, किती दिवस घेतली, काय झालं. सुटी पुडी असेल तर कुठल्या बाजारातून, कोणत्या दिवशी घेतली ते सांगा. नमुना मागितला तर सगळा देऊ नका, थोडा आपल्याजवळ राहू द्या.